पावाच्या यीस्टचा पुंजका

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरत होता. एकपेशीय जीव आपणहून एकत्र येऊन शरीर बनवतील याची शक्यता शून्य, म्हणून उत्क्रांती खोटी. खाली जोडलेल्या हातांची रांग. हे लिहिणाऱ्याने शक्यतेचा हिशेब कुठे केला कोण जाणे! अनेकपेशीयता निसर्गात किमान 25 वेळा स्वतंत्रपणे उगवली आहे.

मिनेसोटा विद्यापीठात विल्यम रॅटक्लिफ, मायकेल ट्रॅव्हिसानो आणि सहकाऱ्यांनी ती प्रयोगशाळेतही घडवली, तीही बेकरीत पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. शोधनिबंध 2012 चा. यीस्ट वाढवायचं, नळी थोडा वेळ स्थिर ठेवायची, तळाशी बसलेलं तेवढं पुढच्या नळीत घ्यायचं, बाकीचं फेकायचं. रोज हेच. पुंजका सुट्या पेशीच्या आधी तळ गाठतो, म्हणजे पुंजकेवाल्यांची चलती. 60 दिवसांत दहाच्या दहा नळ्यांत हिमकणांसारखे फांद्याफांद्यांचे पुंजके!

आता खरी गंमत. यीस्टला कोंब फुटतो, तो मोठा होऊन आईपासून सुटतो. त्यासाठी मधली भिंत तोडणारी विकरं लागतात आणि ती बनवायचा हुकूम एसीई2 हे जनुक देतं. इथे तेच बिघडलं. लेक आईला चिकटलेली, नात लेकीला. म्हणजे पुंजका एकाच घराण्याचा. इकडून तिकडून गोळा झालेल्या पेशींचा गठ्ठाही बनतो, पण त्यात फुकटे शिरतात. डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबांचं तसंच. उपासमार झाली की ते हजारोंनी जमतात, काही मरून देठ होतात, उरलेले वर बीजाणू. देठात न जाता बीजाणूच व्हायला बघणारे लबाड वाण त्यांच्यात सापडतात.

हिमकण यीस्टमध्ये ही लबाडी फार टिकत नाही. पुंजका वाढला की आत दाटी होते, ताण येतो, एक सांधा तुटतो आणि फांदी सुटते. हाच त्याचा जन्म. फांदीच्या बुडाशी एकच पेशी असते, बाकी सगळ्या तिच्या वंशातल्या. त्यामुळे एखाद्या पेशीत झालेलं उत्परिवर्तन काही पिढ्यांत अख्ख्या पुंजक्याचं होतं. पुंजक्या-पुंजक्यांत फरक पडतो, आतल्या आत मात्र जवळजवळ नाही. मग निवड सुट्या पेशीची न होता पुंजक्याची होते. पुढे तर काही पेशी लवकर मरू लागल्या. त्या जागी पुंजका सहज तुटतो आणि पिल्लं जास्त होतात, असा संशोधकांनी अर्थ लावला.

2023 मध्ये जॉर्जिया टेकच्या ओझान बोझदाग आणि सहकाऱ्यांनी प्राणवायूविना जगणाऱ्या वाणावर निवडीच्या 600 फेऱ्या केल्याचं प्रसिद्ध झालं. पुंजके सुमारे 20,000 पट मोठे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. पेशी लांबट झाल्या, फांद्या एकमेकींत अडकल्या.

अर्थात 'प्रयोगशाळेत प्राणी जन्मला' छापाचे मथळे द्यायची घाई नको. यीस्टचे पूर्वज अनेकपेशीय होते, तेव्हा ही जुनीच सवय परतली असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त आहे. म्हणून 2019 चा प्रयोग मला जास्त पटतो. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळाचे पूर्वज अनेकपेशीय नव्हते. त्याच्यासोबत त्याला खाणारा पॅरामेशियम सोडला. 750 पिढ्यांच्या आत पाचपैकी दोन नळ्यांत पुंजके तयार झाले, आणि पॅरामेशियम काढून घेतल्यावरही ते टिकले.