सेमाडोहचा फाटा: रस्ता आधी, अभयारण्य नंतर

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाडा-धारणी रस्त्यावर गाडी दरीत गेली की दोन मागण्या हमखास पुढे येतात. रस्ता रुंद करा, ही पहिली. आणि आहे त्या रस्त्यावरची वाहतूक कमी करा, ही दुसरी. 2024 मध्ये मार्चमध्ये एस.टी. आणि सप्टेंबरमध्ये एक खासगी बस या घाटात कोसळली, तेव्हाही हेच झाले. दोन्ही मागण्यांच्या मधोमध सापडतो तो सेमाडोहचा फाटा. इथे परतवाड्याहून येणारा रस्ता हरिसाल, धारणी आणि पुढे बऱ्हाणपूर-इंदूरकडे जातो, एक फाटा चिखलदऱ्याला चढतो, एक रायपूर-हतरूच्या जंगलात शिरतो. सिपना नदीच्या काठची ही वस्ती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. बसथांबा, चहा-भज्याच्या टपऱ्या, वन विभागाचा नाका, पर्यटक संकुल, कोरकू आदिवासींची घरे. एवढ्यात फाटा संपतो. तो इतका लहान का राहिला, हे समजून घ्यायचे तर रस्ता कुणी, कशासाठी केला तिथून सुरुवात करावी लागते.

गाविलगडच्या डोंगरांतून वऱ्हाड आणि तापी खोरे यांच्यात ये-जा फार जुनी. बहामनी सुलतान अहमदशाह वली याने 1425-26 च्या सुमारास गाविलगड बांधला तो काही नुसत्या हौसेपोटी नव्हे. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, राखायचे तर डोंगरातल्या वाटा हातात हव्यात. पण या वाटा बैलांच्या आणि माणसांच्या होत्या. चाकांची वाट इथे पहिल्यांदा कशी झाली याची नोंद लढाईच्या कागदांत मिळते. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला, तेव्हा उत्तरेच्या बाजूने मारा करण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने तोफा डोंगरातून ओढून नेल्या. पाच-सहा दिवस सैनिकांनी स्वतःच वाट कोरली आणि हातांनी तोफा चढवल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला. त्या मोहिमेत घाम कुणाकुणाचा गाळला गेला, त्यात इथले किती होते, हे कागद सांगत नाहीत.

वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा साहेबांसाठी शोधून काढला, असे आजही लिहिले जाते. गवळी आणि कोरकू तिथे आधीपासून होते, तेव्हा शोधले हे अर्धेच खरे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि मग मात्र या डोंगरांची खरी किंमत कळली ती सागवानामुळे.

फाट्याचा खरा जन्म सागवानातून आहे. जंगल राखीव झाले, पण त्या राखीवपणाचा अर्थ वाचवणे एवढाच नव्हता. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पाडायचे, आळीपाळीने तोडायचे, ओंडके खाली परतवाड्याला आणायचे आणि लिलाव करायचा. परतवाडा ही मुळात अचलपूरला खेटून असलेली इंग्रजांची लष्करी छावणी. पुढे ती लाकडाची पेठ झाली. ओंडके खाली आणायला बैलगाडीची वाट लागते, पुढे ट्रकचा रस्ता लागतो, अवघड जागी हत्ती लागतात, आणि सगळ्याला माणूस लागतो. म्हणून खात्याने जंगलात वनग्रामे वसवली. राहायला जागा, कसायला थोडी जमीन, त्याच्या बदल्यात खाते सांगेल तेव्हा काम. झाड तोडणे, आगीपासून जंगल राखायला जाळरेषा साफ करणे, रस्ते दुरुस्त करणे. मेळघाटातल्या कितीतरी वस्त्या अशाच वाढल्या. आज जंगलातले अतिक्रमण म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यातल्या बऱ्याच कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांना जंगलात आणून बसवले ते जंगल खात्यानेच. हा मुद्दा चर्चेत फार लवकर विसरला जातो.

सेमाडोहला नदी, पाणी, सपाट तुकडा आणि तीन दिशांच्या कूपांचे ओंडके एकत्र यायला सोयीची जागा. अशा ठिकाणी रेंजरचे ऑफिस, विश्रामगृह आणि वस्ती होणारच. सिपनेच्याच काठी पुढे कोलकासचे विश्रामगृह आहे. तिथे पर्यटकांना फिरवणारे हत्ती अनेकांनी पाहिले असतील. ओंडके ओढणाऱ्या हत्तींच्या परंपरेचा तो शेवटचा धागा.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1 एप्रिल 1973 ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचे नाव आले. महाराष्ट्रातला हा पहिला. पुढे 1985 मध्ये मेळघाट अभयारण्य आणि 1987 मध्ये 361.28 चौ. किमीचे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. तोडीचे जंगल राखणीचे झाले. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायला केंद्राची परवानगी सक्तीची केली. फेब्रुवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून वाळलेले, पडलेले झाड, गवतसुद्धा काढायला मनाई केली. वन्यजीव कायद्याच्या 2006 च्या दुरुस्तीनंतर वाघांसाठी माणसांची वर्दळ नसलेला गाभा राखायची तरतूद झाली आणि 2007 च्या शेवटी मेळघाटात सुमारे 1500 चौ. किमी क्षेत्र असा गाभा म्हणून जाहीर झाले.

ज्या कामाने वस्ती उभी राहिली ते काम कायद्याने बंद झाले. रस्ता मात्र राहिला, आणि याला कारण कायद्यातच आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, पण सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला त्यातून सूट आहे. राष्ट्रीय उद्यानालाही हीच तरतूद लागू होते. म्हणून इंदूरला जाणारा ट्रक सेमाडोहवरून बिनधास्त जातो, आणि त्याच रस्त्याच्या कडेला उतरून दोन पावले झाडीत टाकली तर गुन्हा ठरू शकतो. कायद्याने माणसाला डांबराच्या पट्टीवर मोकळे ठेवले, त्याच्या बाजूला नाही. पट्टी वाढवायची झाली की मात्र राज्याचे आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळ, वन संवर्धन कायद्याची परवानगी, व्याघ्र प्राधिकरण, सगळी दारे ठोठावावी लागतात. डागडुजी होते, कठडे होतात, रुंदीकरण अडते.

फाट्याच्या आजूबाजूची गावे याच काळात हलू लागली. बोरी, कोहा, कुंड ही आतली गावे सुरुवातीलाच अकोटच्या बाजूला उतरवली गेली. पुढे वैराट, चुर्णी, अमोना, बारूखेडा, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी अशी यादी वाढत गेली. 2008 पासून कुटुंबाला 10 लाखांचे पॅकेज होते, नंतर ते 15 लाख झाले. सगळे सुरळीत झाले असे म्हणता येत नाही: जानेवारी 2019 मध्ये उतरवलेल्या गावांतले काही लोक जमीन-पाण्याच्या तक्रारी घेऊन परत जंगलात गेले आणि वन कर्मचाऱ्यांशी मोठी चकमक झाली. वाघाच्या बाजूनेही बोलायला हवे. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर गवत आले, रानगवे आणि सांबर तिथे चरू लागले, हे जंगलात फिरणारे सांगतात. 1997 मध्ये खानदेशात पुन्हा सापडलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटे घुबड, जो शंभरावर वर्षे कुणाला दिसला नव्हता, नंतर मेळघाटातही नोंदला गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरीचा हिशेब फिटत नाही.

फाट्याला आज जगवते ती ये-जा. पावसाळ्यात चिखलदऱ्याकडे वळणारे पर्यटक, उन्हाळ्यात सफारीवाले, आणि वर्षभर मजुरीला जाणारे कोरकू. पीक निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे अमरावती-अकोल्याकडे किंवा मध्य प्रदेशात जातात आणि होळीला परततात. होळीनंतरच्या दिवसांत रस्त्यात दोरी आडवी धरून, ढोल वाजवत फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागणारी पोरे भेटतात. बाहेरून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला ती लूट वाटते. महामार्ग त्यांच्या गावातून गेला आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. हरिसाल 2016 मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. ज्या रस्त्याने पाहुणे तिथवर आले, तो मात्र होता तेवढाच राहिला.

याच प्रकल्पातून जाणाऱ्या अकोला-खांडवा रेल्वेचा प्रश्न कसा सुटला, तेही पाहण्यासारखे आहे. मीटरगेजचा हा रुळ जवळजवळ 40 किमी जंगलातून जात होता. 2017 च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी ही गाडी थांबली, जंगलातून ब्रॉडगेजला विरोध झाला आणि शेवटी मार्ग सोनाळा-जामोदच्या बाजूने वळवायचे ठरले. रेल्वे वळवता आली, कारण आतल्या स्टेशनांवर चढणारे-उतरणारे थोडे होते आणि बाहेरच्या गावांना गाडी हवीच होती. परतवाडा-धारणी रस्त्याला ही सोय नाही. हरिसाल, सेमाडोह आणि त्यांच्या आतली डझनावारी गावे याच रस्त्यावर दवाखान्याला, बाजाराला, तालुक्याला जातात. तो बाजूने वळवला तर ट्रकचा प्रश्न सुटेल, गावांचा नाही. म्हणून इथली खरी मागणी अवजड वाहतूक आणि गावची वाहतूक वेगळी मोजण्याची असायला हवी. आजवरच्या चर्चेत दोन्ही एकाच आकड्यात घातली जातात.