शिरगणती म्हणजे पाप?

‘बायबलमध्ये माणसं मोजणं हेच पाप आहे,’ असं सांगणारा मजकूर वरचेवर फिरतो. त्याचं मूळ बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात असावं: दावीद राजा शिरगणती करतो आणि मरी पसरते. गैरसमज होणं साहजिकच.

पण बायबलमधलंच निर्गम हे पुस्तक, ३०:११-१६, उघडून पाहा. तिथे मोजणीला बंदी नाही, रीत आहे. वीस वर्षांवरच्या प्रत्येकाने जिवाची खंडणी म्हणून अर्धा शेकेल (शेकेल म्हणजे चांदी तोलायचं जुनं वजन) द्यायचा. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. (मला हीच अट सर्वांत बोलकी वाटते.) गणना या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तर मोजणीची आज्ञा खुद्द देवाचीच.

हिशेबही जुळतो. निर्गम ३८ मध्ये ६,०३,५५० पुरुष आणि चांदी ३,०१,७७५ शेकेल, म्हणजे बरोबर निम्मी. तिचा बहुतेक भाग पवित्रस्थानाच्या बैठका (खालचे आधाराचे ठोकळे) ओतायला लागला.