परूशी म्हणजे ढोंगी? असं नाहीये

चर्चमध्ये लहानपणापासून ऐकतोय, कोणी वरवर धार्मिक वागला की लगेच ‘परूशी आहे तो’, जणू परूशी, म्हणजे येशूच्या काळातला ज्यूंचा एक धार्मिक पंथ, ही अख्खी ढोंग्यांचीच जमात. हे चुकीचं आहे आणि मला ते मनापासून खटकतं. बायबलमध्ये मत्तय २३ मध्ये येशू त्यांना कडक बोलतो हे खरंच, पण लूक १३:३१ काढून बघा, हेरोद (तिथला शासक) तुला मारायला बघतोय, इथून निघून जा, असं येशूला सांगायला आले ते परूशीच होते! निकदेम परूशी, त्याने येशूच्या दफनासाठी तीसेक किलो गंधरस आणि अगरू आणलं, आणि येशूच्या प्रेषितांना ठार मारू नका म्हणून ज्यूंच्या न्यायसभेत उभा राहिलेला गमलिएलही परूशीच. ‘ढोंगी’साठी मूळ ग्रीक शब्द आहे हुपोक्रितेस, म्हणजे नाटकातला नट. आणि लूक १२:१ मध्ये परूश्यांच्या खमिरापासून, म्हणजे ढोंगापासून, सांभाळा हे येशू सांगतो कोणाला, तर स्वतःच्या शिष्यांना. आपण मात्र ते शतकानुशतकं ज्यू लोकांवर ढकललं, त्यातून त्यांच्याबद्दल द्वेष वाढला, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ तसंच राहिलं.