अवस्थांतराच्या उंबरठ्यावर स्फटिक मऊ का पडतो?

बेरियम टायटनेटचा स्फटिक १३० अंश सेल्सिअसला असतो, तेव्हा त्याची मूळ पेटी, म्हणजे जिच्या पुनरावृत्तीतून सारा स्फटिक घडतो ती सर्वांत लहान रचना, नेमकी घनाकृती असते: कोपऱ्यांवर बेरियम, पृष्ठांच्या मध्यभागी ऑक्सिजन आणि बरोबर केंद्रस्थानी टायटॅनियम. तापमान १२० अंशांच्या खाली उतरले की टायटॅनियमचा आयन केंद्रापासून किंचित सरकतो, पेटी त्या दिशेने जराशी लांबते आणि बाहेरून विद्युत्‌क्षेत्र न लावताही स्फटिकात ध्रुवीकरण निर्माण होते, म्हणजे त्यातील धन आणि ऋण भारांची केंद्रे एकमेकांपासून जराशी वेगळी होतात. एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाणे म्हणजेच अवस्थांतर. अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. नावात लोखंड आले ते केवळ लोहचुंबकाशी असलेल्या साम्यामुळे.

हे सरकणे अचानक दिसले, तरी त्याची तयारी आधीपासून चाललेली असते. आयनांना जागेवर परत ढकलणारी जवळच्या पल्ल्याची बले आणि त्यांना जागेवरून ओढणारी दूर पल्ल्याची विद्युत् बले यांची येथे जवळजवळ बरोबरी असते, आणि स्फटिक थंड होत जातो तसतसे परत ढकलणाऱ्या बलांचे उरलेले थोडेसे आधिक्यही घटत जाते. परिणामी आयनांचे एक विशिष्ट कंपन मंदावते, म्हणजे त्यांना धरून ठेवणारी स्प्रिंग जणू सैल पडते. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम कॉक्रन यांनी १९६० मध्ये मांडलेली ‘मृदू कंपना’ची ही कल्पना मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. स्प्रिंग सैल असल्याने लहानशा विद्युत्‌क्षेत्रानेही आयन बरेच हलतात, आणि म्हणूनच अवस्थांतराजवळ डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत् क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप, हजारोंच्या घरात जातो.

मात्र बेरियम टायटनेटमध्ये हे कंपन पूर्ण थांबण्याआधीच स्फटिक नव्या रचनेत उडी घेतो. त्यामुळे तापवताना आणि थंड करताना अवस्थांतर अगदी एकाच तापमानाला होत नाही. ट्रायग्लिसिन सल्फेट या दुसऱ्या फेरोइलेक्ट्रिक स्फटिकामध्ये अशी उडी नसते. तेथे तापमान वाढवत नेल्यास ध्रुवीकरण उतरत उतरत सुमारे ४९ अंशांना शून्य होते.

स्ट्रॉन्शियम टायटनेटची गोष्ट आणखी वेगळी आहे. निरपेक्ष शून्याजवळ त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २०,०००च्या पुढे जातो, कंपनही मंदावते, पण अवस्थांतर होतच नाही, कारण पुंजभौतिकीनुसार अणूंची जी किमान थरथर कधीच थांबत नाही, ती आयनांना एका बाजूला स्थिरावू देत नाही. १९९९ मध्ये संशोधकांनी याच स्फटिकातील नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी बव्हंशी जड ऑक्सिजन-१८ घातला. रासायनिकदृष्ट्या पदार्थ तोच राहिला, पण जड अणूंची थरथर कमी असल्याने तो उणे २५० अंशांच्या आसपास फेरोइलेक्ट्रिक झाला.