प्रारण धुके
प्रारण धुके : निरभ्र आकाशाच्या रात्री जमीन दीर्घ तरंगलांबीच्या प्रारणाने (अदृश्य उष्णताकिरणांच्या उत्सर्जनाने) उष्णता गमावते, तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत (ज्या तापमानास बाष्पाचे पाणी होऊ लागते तेथपर्यंत) थंड होते आणि तीतील जलबाष्प सूक्ष्म थेंबांच्या रूपाने हवेतच तरंगत राहते. भूप्रदेशावरील पहाटेचे धुके बहुधा याच प्रकारचे असते. क्षितिजसमांतर दृश्यमानता 1,000 मी.हून कमी झाली, तरच वातावरणविज्ञानात धुके मानतात.

थेंब बनण्यास हवेत धूलिकण, लवणकण वा धुराचे कण असावे लागतात. कापसातून गाळलेल्या दमट हवेचे प्रसरण करून ती थंड केल्यास धुके होत नाही, असे फ्रान्समध्ये कूलिए यांनी 1875 मध्ये दाखविले. स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांनी 1880 च्या सुमारास या विषयाचा अधिक सखोल अभ्यास केला. शोधाचे श्रेय सामान्यतः एटकिन यांना देण्यात येत असले, तरी अग्रक्रम कूलिए यांचा मानणे उचित ठरते.

वाऱ्याच्या कार्याविषयी मतभेद आहेत. हवा अगदी स्तब्ध असल्यास बाष्प गवतावर दव होऊन साचते व लगतची हवा कोरडी पडते. वारा जोराचा असल्यास वरची उबदार, कोरडी हवा खाली मिसळते. म्हणून मंद वारा आवश्यक, असे जुने मत आहे. इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथील निरीक्षणांवरून रोच व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये मांडले, की वारा पडताच धुके दाटते व संक्षोभ (हवेची अनियमित खळबळ) वाढताच ते विरळ होते. याउलट, संक्षोभानेच धुक्याची वाढ होते, असेही काहींचे म्हणणे आहे. धुके धरताना निवांतपणा आणि त्याचा थर उंचावताना थोडे मिश्रण उपकारक, असे धरल्यास हा विरोध बराच मावळतो. सूर्योदयानंतर काही काळ धुके उलट अधिक गडद झालेले दिसते, कारण पानांवरचे दव बाष्परूपाने पुन्हा हवेत येते व कोवळ्या उन्हाने सुरू झालेले मिश्रण थराची जाडी वाढविते. पुढे जमीन तापली, की थेंब विरतात किंवा थर उचलला जाऊन खालचा ढग बनतो.

भारतात डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावर असे धुके विस्तृत पसरते. पश्चिमी विक्षोभाच्या (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालीच्या) पावसाने किंवा सिंचनाने ओली झालेली जमीन आणि त्यानंतरचे निरभ्र आकाश ही त्याची प्रमुख कारणे होत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2015 च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर त्याची मोजणी चालविली आहे. महाराष्ट्रात ते मुख्यतः नदीखोऱ्यांत व सखल भागांत आढळते. पाने दीर्घकाळ ओली राहिल्याने द्राक्षवेलींवर केवडा रोगाचा धोका वाढतो.