डेटाबेस सर्व्हरची साठवण आखणी

नवा डेटाबेस सर्व्हर सुरू करण्यापूर्वी मूळ डेटा, बदलांचा लॉग, तात्पुरत्या फायली आणि बॅकअप यांना कोणत्या डिस्कवर किती जागा द्यायची हे ठरवणे म्हणजे साठवण आखणी. प्रत्येक डेटाबेसची धाटणी वेगळी असते. या नोंदीत पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस उदाहरण म्हणून घेतला आहे.

पहिला हिशेब आकाराचा. पोस्टग्रेस डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतो. पानाचे शीर्षक २४ बाइट खाते. प्रत्येक ओळीला २३ बाइटांचे शीर्षक लागते, ते ८ बाइटांच्या पटीत जुळवताना २४ होते, शिवाय पानात ओळ कुठे आहे हे सांगणारा ४ बाइटांचा निर्देशक. समजा ओळीत ८ बाइटांचे तीनच रकाने आहेत. डेटा २४ बाइट, पण ओळ व्यापते ५२. एका पानात अशा १५७ ओळी मावतात. १० कोटी ओळींचा कच्चा डेटा २.४ जीबी भरतो, टेबल मात्र ५.२ जीबीच्या आसपास जाते. त्यातल्या एका रकान्यावरचा इंडेक्स, म्हणजे ओळी झटपट शोधण्याची सूची, आणखी २ जीबीच्या वर जागा घेतो. आयात करायच्या फायलीचा आकार पाहून डिस्क मागवणाऱ्याची गणिते इथेच चुकतात.

त्यावर मोकळी जागा हवीच. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत लगेच पुसली जात नाही. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा सफाईचा भाग, ती जागा नंतर वापरण्याजोगी करतो. फुगलेले टेबल ‘व्हॅक्यूम फुल’ या आदेशाने आवळायचे तर टेबलाची पूर्ण नवी प्रत लिहिली जाते आणि काम संपेपर्यंत जुनीही तिथेच असते. म्हणून सर्वांत मोठे टेबल त्याच्या इंडेक्ससकट मावेल इतकी जागा कायम रिकामी असावी. जागा संपत आली म्हणून ‘व्हॅक्यूम फुल’ चालवायला जावे, तर त्यालाच जागा पुरत नाही.

आखणीचा सर्वांत नाजूक भाग वॉल, म्हणजे बदल मूळ फायलींत उतरण्याआधी जिथे लिहिला जातो तो लॉग. तो १६ एमबीच्या फायलींत, ‘पीजी_वॉल’ या डिरेक्टरीत साठतो; आवृत्ती १०पूर्वी तिचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होते. व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्का होणारा बदलांचा गट) पक्का झाला असे सांगण्याआधी हा लॉग डिस्कवर पोचलेला असावा लागतो. फिरत्या डिस्कच्या काळात त्याला वेगळी डिस्क देण्याचे कारण वेग हे होते: ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि डेटाची इकडची-तिकडची लिखापढी त्याच डिस्कवर आली की लॉगचे सलग लिहिणे सारखे मोडते. चांगल्या एसएसडीवर हे कारण बरेच फिके पडले आहे. तरीही वॉल वेगळ्या फाइल सिस्टिमवर ठेवावा, कारण डेटाची डिस्क भरली तर जागा मागणारा व्यवहार त्रुटी देऊन थांबतो, पण वॉलची भरली तर अख्खा सर्व्हर बंद पडतो. डेटाची डिरेक्टरी प्रथम तयार करणाऱ्या ‘इनिटडीबी’ या आदेशाला ‘वॉलडिर’ हा पर्याय दिला की वेगळी जागा पहिल्या दिवसापासूनच मिळते.

वॉलची मर्यादा मुळात १ जीबी धरलेली असते, पण ती सैल मर्यादा आहे. अर्काइव्हचा, म्हणजे वॉलच्या फायली दुसरीकडे जपून ठेवण्याचा, आदेश अपयशी ठरत राहिला किंवा बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसची प्रत चालवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा) स्लॉट, म्हणजे त्याने वॉल कुठवर घेतला याची नोंद, तसाच राहिला, तर जुन्या फायली हटत नाहीत आणि ढीग वाढत जातो. स्लॉटसाठी कमाल मर्यादा घालण्याची सोय २०२०च्या आवृत्ती १३मध्ये आली. ती मुळात बंद असते, पहिल्याच दिवशी चालू करावी. रेप्लिका किंवा अर्काइव्ह किती तास बंद राहू शकतो, तेवढ्या वेळात गर्दीच्या दिवशी किती वॉल तयार होईल, यावरून या डिस्कचा आकार ठरतो.

अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रेड या पद्धतीत लहान लहान लेखन जास्त असेल तर रेड १० बरे. रेड ५वर एका लहान लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने होतात, रेड १०वर फक्त दोन लेखने.

टेबलस्पेसने, म्हणजे डेटासाठी नेमून दिलेल्या वेगळ्या डिरेक्टरीने, काही टेबले दुसऱ्या डिस्कवर नेता येतात, पण टेबलस्पेस म्हणजे स्वतंत्र डेटाबेस नव्हे. एक टेबलस्पेस गमावला तर सगळा क्लस्टर (त्या सर्व्हरवरचे सर्व डेटाबेस मिळून) सुरू न होण्याची भीती असते, म्हणून रॅमडिस्कवर, म्हणजे यंत्र बंद होताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीतल्या डिस्कवर, टेबलस्पेस कधीही ठेवू नये.

डेटाची डिरेक्टरी थेट माउंटच्या जागी (जिथे डिस्क यंत्राला जोडली जाते त्या डिरेक्टरीत) न ठेवता त्या जागेच्या आत वेगळी, पोस्टग्रेस वापरकर्त्याच्या मालकीची करावी. नाहीतर माउंट न झालेल्या दिवशी एखादी स्क्रिप्ट मूळ डिस्कवर रिकामा क्लस्टर उभा करू शकते. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम मुळात ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखते, म्हणजे ४ टीबीत २०० जीबी, आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे ती जागा त्याला मिळत नाही. बॅकअप दुसऱ्या यंत्रावरच. एलव्हीएमच्या (डिस्कची जागा एकत्र करून भागांत वाटणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) गटात काही जागा न वाटता राखून ठेवावी: एक्सएफएस ही फाइल सिस्टिम चालू असताना वाढवता येते, पण लहान करून जागा परत घेणे जवळपास अशक्य असते.