पनामा : दोन महासागरांमधला बांध

पनामा सिटीच्या किनाऱ्यावर पहाटे उभे राहिले, तर सूर्य पॅसिफिक महासागरातून वर येताना दिसतो. पॅसिफिक म्हणजे अमेरिका खंडांच्या पश्चिमेचा महासागर, असे शाळेपासून ऐकत आलेल्या माणसाला हे दृश्य क्षणभर गोंधळात टाकते. उलगडा नकाशात आहे. मध्य अमेरिकेच्या दक्षिण टोकाचा हा देश पूर्व-पश्चिम आडवा पसरलेला आहे आणि तोही नागमोडी. त्याच्या उत्तरेला कॅरिबियन समुद्र, म्हणजे अटलांटिकचाच एक भाग, आणि दक्षिणेला पॅसिफिक येतो. त्यामुळे अटलांटिककडून कालव्यात शिरलेले जहाज पॅसिफिकमध्ये बाहेर पडते, तेव्हा ते निघाल्या ठिकाणाच्या पूर्वेला पोचलेले असते.

देश लहानच आहे. क्षेत्रफळ सुमारे ७५ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या चाळीस लाखांहून थोडी अधिक, पश्चिमेला कोस्टा रिका आणि पूर्वेला कोलंबिया. सर्वांत चिंचोळ्या जागी एका समुद्रापासून दुसरा समुद्र पन्नासेक किलोमीटरवर येतो, आणि पश्चिमेकडील बारू या सुमारे ३,४७५ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या माथ्यावरून, आभाळ स्वच्छ असेल तर, दोन्ही समुद्र दिसतात. (जगभर ‘पनामा हॅट’ म्हणून ओळखली जाणारी टोपी मात्र इथली नाही, ती इक्वेडोरमध्ये विणली जाते आणि पनामामार्गे विकली गेल्यामुळे तिला हे नाव चिकटले.) दोन शेतांमधला बांध शेतांना वेगळे करतो आणि त्यावरून पायवाटही जाते. पनामाची भूमी दोन महासागरांच्या आणि दोन खंडांच्या बाबतीत हीच दोन्ही कामे करत आली आहे.

हा बांध भूशास्त्रीय हिशेबाने अगदी अलीकडचा आहे. पूर्वी उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये खुला समुद्र होता. पॅसिफिकच्या बाजूचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकत असल्याने तिथे ज्वालामुखी बेटांची एक रांग तयार झाली. पुढे ती रांग दक्षिण अमेरिकेला येऊन भिडली, तळ उचलला गेला, मधल्या फटी गाळाने भरत गेल्या आणि अखेर सलग जमीन तयार झाली. ती केव्हा झाली, यावर मात्र एक रंगतदार वाद आहे. २०१५ साली काही भूशास्त्रज्ञांनी कोलंबियातील प्राचीन नद्यांच्या गाळात सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून असे मांडले की पनामाकडून तिकडे वाहणाऱ्या नद्या १.३ ते १.५ कोटी वर्षांपूर्वीच होत्या, म्हणजे जमीन तेव्हाच जुळलेली होती. पुढच्याच वर्षी संशोधकांच्या दुसऱ्या मोठ्या गटाने जीवाश्म, सागरी गाळ आणि जनुकीय पुरावे एकत्र मांडून शेवटची फट सुमारे २८ लाख वर्षांपूर्वी बुजली, असे म्हटले. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण तिथे दगडांच्या जोडीला प्राण्यांचीही साक्ष आहे. अर्थात अखेरचे दार बंद होण्यापूर्वी तुकड्या-तुकड्यांनी जमीन वर आलेली असणार, त्यामुळे पहिल्या गटाचे स्फटिकही खोटे ठरत नाहीत.

प्राण्यांची साक्ष अशी. जमीन जुळल्यावर उत्तरेकडून मार्जारकुळातले शिकारी, कुत्र्यांचे भाईबंद, हरणे, टॅपिर, घोडे आणि उंटांच्या कुळातले प्राणी दक्षिणेत उतरले. आज अँडीज पर्वतातले वैशिष्ट्य मानला जाणारा लामा हा मुळात त्या उत्तरेकडच्या उंटांचा वंशज आहे. दक्षिणेकडून आर्माडिलो, ओपॉसम, साळिंदरासारखे प्राणी आणि जमिनीवर चालणारे अवाढव्य स्लॉथ उत्तरेकडे गेले. दोन खंडांच्या प्राणिसृष्टीची अशी सरमिसळ होत असताना समुद्रात नेमके उलट घडत होते. कालपर्यंत एकाच पाण्यात राहणारे मासे, शिंपले आणि कोळंब्या आता दोन वेगळ्या समुद्रांत अडकल्या होत्या.

हे दोन समुद्रही एकमेकांसारखे राहिले नाहीत. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच-सहा मीटरपर्यंत जातो, तर कॅरिबियन बाजूला तो अर्धा मीटरही भरत नाही. डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत व्यापारी वारे डोंगररांगेतील खोलगट जागांमधून पनामाच्या आखातावर वाहतात आणि पृष्ठभागावरचे उबदार पाणी दूर लोटतात. त्याच्या जागी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि मासळी मुबलक होते. कॅरिबियन मात्र उबदार, अधिक खारट आणि नितळ राहिला, म्हणून प्रवाळांना तो मानवला. फटकन आवाज करणाऱ्या नांगीच्या कोळंब्यांवर सागरी जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. दोन्ही किनाऱ्यांवरच्या जुळ्या जातींमधले नर-मादी त्यांनी एकत्र ठेवून पाहिले, तर बहुतेक वेळा मीलनाऐवजी भांडणच झाले. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना निसर्गाच्या अशा प्रयोगाची सुरुवात केव्हा झाली याचा इतका चांगला अंदाज क्वचितच मिळतो.

माणसांनी या जमिनीचा उपयोग पायवाट म्हणूनच केला. १५१३ साली बाल्बोआ हा स्पॅनिश साहसवीर स्थानिक लोकांच्या मदतीने जंगल ओलांडून पलीकडच्या समुद्राला भिडला; १५१९ मध्ये पनामा सिटी वसली आणि पेरूची चांदी खेचरांच्या पाठीवरून या किनाऱ्याहून त्या किनाऱ्यावर जाऊ लागली. ते वैभव १६७१ साली हेन्री मॉर्गनच्या चाच्यांना शहरापर्यंत घेऊन आले. शहर जळाले आणि दोन वर्षांनी काही किलोमीटर पश्चिमेला नव्याने उभे राहिले. १८५५ मध्ये इथली आगगाडी दोन महासागरांना जोडू लागली. एव्हाना पनामा स्पेनपासून सुटून कोलंबियाचा भाग झालेला होता.

सुएझ कालव्यामुळे कीर्ती मिळालेल्या फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ साली इथे खोदकामाला हात घातला. सुएझप्रमाणेच समुद्रसपाटीचा, सरळ कालवा खोदायचा, हा त्यांचा हट्ट होता. पण सुएझला कोरडे, सपाट वाळवंट होते. इथे पावसाळ्यात अचानक फुगणारी चाग्रेस नदी होती आणि कुलेब्रा खिंडीतली ठिसूळ चिकणमाती होती, जी जितकी उपसावी तितकी कडांवरून पुन्हा खाली घसरत असे. या घसरणाऱ्या थराला भूशास्त्रात ‘कुकाराचा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ झुरळ. त्याहून मोठे संकट पीतज्वर आणि मलेरियाचे होते. इस्पितळात रोग्यांच्या खाटांवर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत, आणि त्याच पाण्यात डासांची पैदास होई. कंपनी १८८९ मध्ये बुडाली, तोवर अंदाजे २२ हजार माणसे दगावली होती. दैवाचा खेळ असा, की ज्या वर्षी काम सुरू झाले त्याच वर्षी, १८८१ मध्ये, क्युबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी पीतज्वर डासांमुळे पसरतो असे मांडले होते. पण त्यांचे कोणी मनावर घेतले नाही.

१९०३ साली अमेरिकेच्या पाठबळावर पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि कालव्याच्या दोन्ही अंगांची पट्टी लगोलग अमेरिकेच्या ताब्यात गेली. मधल्या काळात रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत मलेरियाच्या परजीवीचा डासाशी असलेला संबंध सिद्ध केला होता आणि १९०० मध्ये हवानात अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने फिनले यांचे म्हणणे खरे ठरवले होते. डॉ. विल्यम गॉर्गस यांनी ते ज्ञान पनामात कामाला लावले. डबकी बुजवली, साठलेल्या पाण्यावर तेल ओतले, पाण्याची पिंपे झाकली, घरांना जाळ्या बसवल्या, नळाचे पाणी आणले. १९०५ अखेरीस पनामा सिटीतून पीतज्वर हटला. खोदणारे हात प्रामुख्याने बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीय मजुरांचे होते. गोऱ्या अमेरिकनांना सोन्यात आणि या मजुरांना चांदीत पगार मिळे, आणि त्या दोन पगारपत्रकांनुसार राहण्या-जेवण्याच्या सोयीही वेगळ्या असत. अमेरिकी काळात नोंदल्या गेलेल्या ५,६०९ मृत्यूंपैकी बहुसंख्य याच मजुरांचे होते.

अभियंत्यांनी या वेळी नदीशी भांडण सोडून दिले. चाग्रेसवर गातून येथे धरण बांधले, समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर चारशेहून अधिक चौरस किलोमीटरचा जलाशय तयार केला आणि जहाजांना जलपाशांच्या, म्हणजे दरवाजे असलेल्या पाण्याच्या कप्प्यांच्या, पायऱ्यांनी तिथवर चढवून पलीकडे उतरवायचे ठरवले. जलपाशात पंप नसतात. वरच्या जलाशयाचे पाणी उताराने खालच्या कप्प्यात येते आणि हजारो टनांचे जहाज त्यावर अलगद उचलले जाते; उतरताना कप्प्यातले पाणी खाली सोडले जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. १५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज कालव्यातून गेले. झुरळाच्या थराने मात्र हार मानली नव्हती. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये कडे कोसळून कालवा सुमारे सात महिने बंद राहिला. कालव्याची मालकी मिळायला पनामाला आणखी ऐंशीहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली: १९७७ मध्ये पनामाचे नेते ओमार तोरिहोस आणि अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी करार केले आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा हस्तांतरित झाला. चलनाचे नाव बाल्बोआ असले, तरी नोटा आजही अमेरिकी डॉलरच्याच चालतात, फक्त नाणी देशाची स्वतःची.

या रचनेतली मेख अशी, की जहाज खाऱ्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात जात असले तरी त्याला वाहून नेते ते पावसाचे गोडे पाणी. जुन्या जलपाशांतून एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते, आणि याच जलाशयांतून देशातल्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येला पिण्याचे पाणी मिळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या जलपाशांना शेजारी साठवण टाक्या आहेत आणि त्यांत सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येते. पण त्यांच्यामार्गे खारे पाणी आणि समुद्री मासेही पूर्वीपेक्षा जास्त संख्येने जलाशयात शिरू लागले आहेत. २०२३ मध्ये एल निनोच्या प्रभावाने पाऊस इतका ओसरला, की रोज ३६ च्या आसपास जाणाऱ्या जहाजांची संख्या वर्षअखेरीस २२ वर आणावी लागली आणि जहाजांना भारही कमी ठेवावा लागला. यावर उपाय म्हणून इंदिओ नदीवर नवे धरण बांधण्याची योजना पुढे आली आहे, आणि ज्यांची गावे त्यात बुडणार ते शेतकरी तिला विरोध करत आहेत. ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

जलाशय भरताना एका टेकडीचे बेट झाले. बारो कोलोरादो नावाचे हे बेट १९२३ पासून संशोधनासाठी राखीव आहे आणि आज ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेकडे आहे. तिथल्या ५० हेक्टर जंगलात एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाची १९८० च्या दशकापासून दर पाच वर्षांच्या आसपास मोजणी होते. दोन लाखांहून अधिक खोडे, सुमारे तीनशे जाती. एखाद्या झाडाची रोपे त्याच्याच सावलीत का तगत नाहीत आणि म्हणून उष्ण कटिबंधात इतक्या जाती शेजारी-शेजारी कशा नांदतात, या प्रश्नावर इथल्या नोंदींनी पुष्कळ प्रकाश टाकला.

जंगलातले सारेच असे सुरक्षित राहिले नाही. ओढ्यांच्या खळखळाटात आवाज पोचत नाही म्हणून पुढचा पाय हलवून खुणा करणारा पनामाचा सोनेरी बेडूक कातडीवर वाढणाऱ्या एका बुरशीच्या साथीत सापडला. ही साथ २००६ साली एल वाये या गावापाशी पोचली, तेव्हा संशोधकांनी बेडूक गोळा करून काही काळ एका हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. २००९ नंतर तो रानात दिसल्याची खात्रीची नोंद नाही. त्याचा वंश आज बंदिस्त पैदाशीवर टिकून आहे.

किनाऱ्यावरही हालचाल सुरू आहे. १९२५ साली बंड करून स्वायत्ततेकडे वाटचाल केलेल्या गुना लोकांची वस्ती कॅरिबियनमधल्या चिमुकल्या, सखल बेटांवर आहे. त्यांपैकी गार्दी सुग्दुब बेटावरची सुमारे तीनशे कुटुंबे वाढती समुद्रपातळी आणि दाटी यांमुळे जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवर हलवण्यात आली. काही जण बेटावरच राहिले आहेत.

देशाच्या पूर्वेला दारिएनचे दलदलीचे जंगल आहे. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाणारा महामार्ग फक्त इथेच, शंभरेक किलोमीटर, तुटतो. ही फट बुजवू नये असे मानणाऱ्यांत पशुवैद्यही आहेत, कारण दक्षिणेकडचे गुरांचे रोग ती उत्तरेकडे येऊ देत नाही. त्यातही एक माशी फार घातक आहे. तिच्या अळ्या जिवंत जनावराच्या जखमेत शिरून मांस खातात. तिची मादी आयुष्यात साधारणपणे एकदाच मीलन करते. म्हणून पनामा सिटीजवळच्या पाकोरा येथील केंद्रात या माश्या कोट्यवधींच्या संख्येने वाढवतात, किरणोत्साराने त्यांना वांझ करतात आणि विमानातून दारिएनवर सोडतात, म्हणजे रानातल्या माद्यांची अंडी फुकट जातात. २००६ मध्ये पनामा या माशीपासून मुक्त जाहीर झाला आणि कित्येक वर्षे माश्यांचीच ही भिंत टिकली. २०२३ मध्ये पनामात तिचा प्रादुर्भाव अचानक वाढला. त्यानंतर ती कोस्टा रिका आणि निकाराग्वा ओलांडत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत पोचली.